चेहरा, साडी आणि सोनं



फॅशन फोटोग्राफीतल्या उजेडाबद्दल रेडिओवरून बोलायचं म्हणजे गंमतच. दाखवायला हाताशी काही नाही. पण खानदेशात उन्हाची ओळख करून द्यावी लागत नाही. जळगाव, धुळे साधारण 21 अंश अक्षांशावर. मेच्या अखेरीस भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा मॉडेलला अंगणात उभं केलंत तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठावर येते. लाखाचा कॅमेरा आणा, फरक पडत नाही.

सूर्य प्रचंड मोठा, पण इतका लांब की आपल्याला टिकलीएवढा दिसतो. चेहऱ्याच्या जागेवरून दिवा लहान दिसला की सावलीची कड धारदार, मोठा दिसला की मऊ. सॉफ्टबॉक्स, छत्री, ट्रेसिंग पेपर हा सगळा खटाटोप दिवा मोठा करण्यासाठीच असतो. तीन फुटी सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून तीन फुटांवर मऊ. तोच बारा फुटांवर नेला की कडक. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. म्हणून ‘किती वॉटचा लाइट घेऊ?’ असं विचारणाऱ्या स्टुडिओवाल्या पोरांना मी आधी विचारतो, ‘ठेवणार कुठे, भाऊ?’

चाळीसगावचे छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस (1912–1989) यांचं काम पाहिलंत तर दिव्याच्या जागेचं हे महत्त्व पटकन कळेल. फॅशनशी त्यांचा संबंध नव्हता. टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर उजेड-सावली बेतून ते अख्खं दृश्य उभं करत. बंगल्याला त्यांनी नाव दिलं होतं ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’. त्याच डच चित्रकाराच्या नावाने आजही स्टुडिओत एक मांडणी चालते: दिवा बाजूला साधारण 45 अंशांवर, डोळ्यांच्या पातळीहून वर; अंधाऱ्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. नऊवारीतल्या ठसठशीत चेहऱ्याला हा उजेड फार खुलतो. सौंदर्यप्रसाधनाच्या जाहिरातीत मात्र दिवा समोरून, थोडा वरून आणि हनुवटीखाली पांढरा थर्माकोल. तोंडवळा गुळगुळीत दिसतो. मला तो जरा निर्जीवच वाटतो.

साडीसाठी समोरचा दिवा वाईट. पोत मरतो. दिवा कडेला, कापडावरून सरपटत जाईल असा ठेवा, मग विणीचा धागा न् धागा उठतो.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत शूट करायची हौस पुष्कळांना असते. सावली छान, पण पानांतून गाळून आलेला उजेड गालावर हिरवट उतरतो. बागेच्या कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून उभं राहा, नाहीतर चेहऱ्यावर स्वतंत्र फ्लॅश मारा.

आता जळगावकरांच्या जिव्हाळ्याचं सोनं. दागिन्यावर नुसता जोरात उजेड मारून तो चमकत नाही. एक पांढरा ठिपका जळतो आणि बाकीचा हार काळपट दिसतो. घासलेलं सोनं समोर जे असेल तेच दाखवतं. त्याला समोर रुंद, पांढरा, उजळ पृष्ठभाग द्या, म्हणजे मोठा सॉफ्टबॉक्स किंवा उजेड पडलेली चादर. मग घडणीची कड उठावी म्हणून शेजारी काळ्या कार्डाची एक पट्टी. आणि फोटोग्राफरने त्या दिवशी भडक लाल शर्ट घालू नये. तो हारात उतरतो, आणि एडिटिंगला बसलेला पोरगा रात्रभर तो पुसत बसतो.