कोयनेच्या पाण्याचा हिशेब

राज्याला पुरेल इतकी वीज साठवून ठेवता येत नाही. मागणी येईल त्या क्षणी तेवढीच निर्माण करावी लागते. तोल गेला की ग्रिडची ५० हर्ट्झची वारंवारता ढळते. बंद असलेला औष्णिक संच सुरू व्हायला कित्येक तास घेतो. महाराष्ट्रातल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची जनित्रं मात्र काही मिनिटांत भार उचलतात. म्हणूनच संध्याकाळी मागणी चढली, की विजेचा तोल सांभाळणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राला कोयनेचा आधार लागतो.

पण १,९६० मेगावॉटच्या या प्रकल्पाला वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला पाणी मिळतं वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). ही मर्यादा कृष्णा पाणी तंटा लवादाची. जूनपासून मेअखेरपर्यंत तेवढ्यावरच भागवायचं! मार्चमध्ये हात सैल सोडला, तर मेच्या उकाड्यात काय करणार? शेतीपंप दिवसा सौर विजेवर चालले, तर कोयनेचं पाणी संध्याकाळसाठी राखता येतं; ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.