डॉक्टरांना विचारावे कसे?



माझे थोरले दीर अमेरिकेत असतात. वय ७१. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना स्टेंट बसवायला सांगितले. जाऊबाई घाबरल्या. पण माझ्या पुतणीने आधी सरकारी आकडे काढून पाहिले.

तिकडे वयाच्या ६५ व्या वर्षापासून मेडिकेअर हा सरकारी विमा असतो. त्यातून कोणत्या डॉक्टरांनी कोणते उपचार किती केले, पैसे किती मिळाले, हे २०१४ पासून कोणालाही पाहता येते. औषधांच्या व उपकरणांच्या कंपन्यांकडून डॉक्टरांना मिळालेले मानधन, प्रवासखर्च, जेवणसुद्धा त्याच वर्षापासून जाहीर होते.

मात्र रोगी बरा झाला की नाही, हे त्या आकड्यांत नसते. पुष्कळ स्टेंट बसवले म्हणजे लोभच असे नाही; हातही बसलेला असेल. म्हणून पुतणीने डॉक्टरांनाच विचारले, "स्टेंट कशासाठी? औषधांनी भागेल का?" त्यांनी तपासणी दाखवून नीट समजावले. दुसऱ्या डॉक्टरांचेही मत तेच पडले. मग सर्वांनी निर्धास्त मनाने होकार दिला.

छातीत एकाएकी कळ आली, तर मात्र आधी इस्पितळ गाठावे. एरवी विचारायला भिऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.