अनवाणी पाऊल : आरोग्य, विज्ञान आणि ईर्यासमिती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कार्तिकी पौर्णिमा झाली की चातुर्मासाची स्थिरता संपते आणि साधु-साध्वींचे विहार सुरू होतात. गावाच्या वेशीपर्यंत निरोप द्यायला आलेला श्रावकसमुदाय मागे राहतो आणि अनवाणी पावले पुढच्या गावाची वाट धरतात. त्या पावलांकडे पाहून घरातील लहान मूल हमखास विचारते, ‘महाराज चप्पल का घालत नाहीत?’ अलीकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर दिले जाते : अनवाणी चालणे आरोग्यास हितकारक असते, भूमीतील ऊर्जा शरीरात येते, हे आता विज्ञानानेही मान्य केले आहे. हे उत्तर ऐकायला सुखद आहे. परंतु ते कितपत खरे आहे, आणि खरे असले तरी त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे का, याची शहानिशा करणे अगत्याचे आहे. कारण अशा उत्तरावर विसंबून काही ज्येष्ठ मंडळी आपल्या पायांना गंभीर इजा करून घेऊ शकतात.

प्रथम पायाची रचना पाहू. मानवी शरीरातील 206 हाडांपैकी 26 हाडे एकेका पावलात असतात. म्हणजे दोन्ही पावले मिळून शरीरातील जवळजवळ चतुर्थांश हाडे होतात. त्यांना बांधणारे स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांच्यामुळे तळपायाला कमान प्राप्त होते. ही कमान शरीराचा भार पेलते आणि प्रत्येक पावलाचा आघात शोषून घेते. तळपायाच्या त्वचेत स्पर्शाची सूक्ष्म ज्ञानकेंद्रे दाटलेली असतात. जमीन उतरती आहे की सपाट, खडबडीत आहे की निसरडी, ही वार्ता ती क्षणार्धात मेंदूला कळवतात व त्यानुसार शरीराचा तोल सावरला जातो. जाड तळव्याच्या पादत्राणात ही वार्ता अस्पष्ट होते.

या संदर्भात भारतात झालेले एक संशोधन महत्त्वाचे आहे. राव आणि जोसेफ या अस्थिरोगतज्ज्ञांनी सुमारे 2300 मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास करून 1992 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळपायाचे प्रमाण 8.6 टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत केवळ 2.8 टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्या मुलांत ते सर्वाधिक होते. बालवयात पाय मोकळा राहिला तर कमान अधिक चांगली घडते, असा याचा अर्थ. पुढे 2010 साली डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा पावलाचा पुढचा भाग आधी टेकवतात व त्यामुळे जमिनीचा धक्का सौम्य होतो. अर्थात हा निष्कर्ष धावण्यापुरता आहे. चालताना अनवाणी माणूसही सामान्यतः टाचच आधी टेकवतो. 2019 साली केनिया आणि अमेरिकेतील शंभराहून अधिक व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. अनवाणी चालून तळपायाला आलेला जाड घट्टा संरक्षण देतो, तरी त्यामुळे पायाची संवेदना बोथट होत नाही, असे तीत आढळले. वर्षानुवर्षे विहार करणाऱ्या पावलांचे रहस्य काही अंशी येथे उलगडते.

आता ज्याला ‘ग्राउंडिंग’ वा ‘अर्थिंग’ म्हणतात त्याकडे वळू. अमेरिकेतील केबल टेलिव्हिजनच्या व्यवसायातून निवृत्त झालेले क्लिंटन ओबर यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली. विजेच्या उपकरणांना जशी जमिनीशी जोडणी लागते, तशी ती शरीरालाही लाभली तर दाह घटतो, झोप सुधारते, असे तिचे सूत्र. ओलसर जमिनीवर उघडा पाय टेकला की शरीर भूमीच्या विद्युत्पातळीला येते, ही भौतिकशास्त्राची साधी गोष्ट आहे. त्यात वाद नाही. प्रश्न आहे तो पुढचा : त्याने रोग बरे होतात काय? 2004 साली प्रसिद्ध झालेल्या झोपेच्या प्रयोगात अवघ्या 12 व्यक्ती होत्या. रक्ताच्या दाटपणासंबंधी 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 10. या विषयावर लिहिणाऱ्या काही संशोधकांचे, अशा चटया व चादरी विकणाऱ्या व्यवसायाशी आर्थिक संबंधही होते. इतक्या अल्प आधारावर ‘विज्ञानाने सिद्ध केले’ असे म्हणणे सत्यव्रताशी सुसंगत ठरणार नाही.

याहून मूलगामी मुद्दा आगमांतून पुढे येतो. भूमीशी विद्युत्संबंध सर्वांत चांगला जुळतो तो दवाने भिजलेल्या हिरवळीवर व ओल्या मातीवर. कोरडा दगड, फरशी वा डांबरी रस्ता यांतून तो फारसा जुळत नाही. आणि साधू नेमके काय टाळतात? हिरवळीत वनस्पतिकाय जीव, दवात अप्काय जीव, ओल्या सचित्त मातीत पृथ्वीकाय जीव. म्हणून मुनी प्रासुक, म्हणजे आधीच वर्दळीने जीवरहित झालेल्या, मार्गाने सूर्यप्रकाशात, पुढील चार हात भूमी निरखत चालतात. हीच ईर्यासमिती. ‘ग्राउंडिंग’ जेथे सर्वाधिक घडते, तेथे मुनींचे पाऊल पडतच नाही. श्वेतांबर परंपरेतील दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात साधूला वर्ज्य गोष्टींची गणना आहे. तीत पादत्राणांच्या शेजारीच छत्र आणि चिकित्सा यांचाही उल्लेख येतो. ज्या ठिकाणी देहाच्या उपचाराचाच त्याग सांगितला, त्या ठिकाणी पादत्राणांचा त्याग आरोग्यासाठी सांगितला असेल, हे संभवत नाही. तो अहिंसेसाठी, अपरिग्रहासाठी आणि परीषह समभावाने सहन करण्यासाठी आहे. त्याला आरोग्याच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

हा भेद श्रावकांनी ध्यानी घेणे आज विशेष निकडीचे आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या सुमारे 10.1 कोटी आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची हानी होऊन वेदनाच कळेनाशी होते. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकात हे सत्य जगापुढे आणले की, रुग्णांची बोटे झडतात ती मुख्यतः संवेदना गेल्यामुळे. दुखत नाही म्हणून जखम कळत नाही, आणि कळत नाही म्हणून ती वाढत जाते. मधुमेहीच्या पायाचे दुर्दैव तेच. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर सहाशेहून अधिक, तर शत्रुंजयावर तीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. दुपारच्या उन्हात तापलेल्या पायरीवर निरोगी माणूस चटकन पाय उचलतो. संवेदना हरपलेला यात्रेकरू शांतपणे चालत राहतो आणि धर्मशाळेत परतल्यावर तळपायाला फोड दिसतात. अशी जखम चिघळली तर पाय कापण्याचा प्रसंग येतो. चटका न बसणे ही देवाची कृपा मानू नये. तो रोगाचा इशारा आहे.

पावसाळ्याचेही भान हवे. अंकुशकृमीच्या अळ्या दूषित ओल्या मातीतून उघड्या पायाच्या त्वचेत शिरतात आणि रक्तक्षय घडवतात. मुंबईत 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. साचलेल्या पाण्यातून गेलेल्या, पायाला जखम असलेल्या माणसाला या रोगाचा धोका अधिक असतो.

मग श्रावकाने काय करावे? लहान मुलांना घरात, अंगणात, स्वच्छ कोरड्या जमिनीवर अनवाणी खेळू द्यावे. निरोगी प्रौढाने अनवाणी चालायचे ठरवल्यास रोज थोडा वेळ, स्वच्छ प्रासुक भूमीवर, हळूहळू सवय करावी. हिरवळ तुडवण्याचा मोह टाळावा. मधुमेहींनी अनवाणी यात्रेपूर्वी वैद्यांकडून पायाच्या संवेदनेची तपासणी अवश्य करून घ्यावी. विशिष्ट नायलॉनचा तंतू तळपायाला टेकवून केली जाणारी ही परीक्षा काही मिनिटांची आणि वेदनारहित असते. संवेदना कमी असल्यास वैद्यांच्या सल्ल्याखेरीज अनवाणी चढू नये. डोलीने जावे वा पायथ्याशी बसूनच भावपूजा करावी. जेथे कापडी मोज्यांची अनुमती आहे, तेथे ते संकोच न बाळगता वापरावेत. परंतु मोजे हे चटक्यावरचे पूर्ण संरक्षण नव्हे, हेही विसरू नये. यात्रा सूर्योदयाबरोबर सुरू करून ऊन चढण्यापूर्वी उतरावे. रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळपाय आरशात पाहावेत. स्वतःस दिसत नसल्यास घरच्यांनी पाहावेत. मंदिरांच्या व तीर्थक्षेत्रांच्या विश्वस्तांनी प्रदक्षिणामार्गावर काथ्याच्या पट्ट्या अंथराव्यात, तापणाऱ्या फरशीला पांढरा लेप द्यावा, पाय धुण्या-पुसण्याची सोय ठेवावी. मंदिराच्या शिखराइतकेच लक्ष मंदिराच्या फरशीकडेही जावे.

आणि त्या बालकाला उत्तर द्यावे ते सरळ द्यावे : महाराज चप्पल घालत नाहीत, कारण त्यांच्या पायाखाली मुंगीही येऊ नये असे त्यांना वाटते, आणि त्यासाठी काटा रुतला तरी तो सहन करण्याची त्यांची तयारी असते. हे मुलाला कळते. मग आजोबांच्या पायाला जखम झाली आहे का, हे पाहण्यासाठी खाली वाकणे, हाही त्याच अहिंसेचा भाग आहे, हेही त्याला हळूहळू उमगेल.

जय जिनेंद्र.