थेंब कोणाचे, तळे कोणाचे?

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



मराठीतल्या दोन म्हणी एकमेकींशेजारी ठेवल्या, तरच त्यांचा पूर्ण अर्थ उलगडतो. एक ‘थेंबे थेंबे तळे साचे’ आणि दुसरी ‘तळे राखी तो पाणी चाखी’. पहिली घरोघरी मुलांना बचतीचे महत्त्व पटवून देण्यासाठी सांगितली जाते. दुसरी बहुधा एखाद्या कारभाऱ्याचा कारभार पाहून आठवते. परंतु आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे जे व्यवहार मोबाइलवर होतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी या दोन म्हणींतच सांगितलेली गोष्ट आहे. अनेकांचे थेंब एकत्र येतात, तळे साचते, आणि त्या तळ्याच्या काठावर कोणीतरी राखणदार बसलेला असतो. व्यापाराच्या भाषेत या राखणदाराला ‘ॲग्रिगेटर’ म्हणतात. शुद्ध मराठीत त्याला ‘संकलक’ म्हणता येईल.

संकलक स्वतः बहुधा काहीच पिकवत नाही. टॅक्सी त्याची नसते, खाणावळ त्याची नसते, वीज त्याची नसते, पैसाही त्याचा नसतो. जे विखुरलेले आहे ते एका ठिकाणी आणणे, एवढेच त्याचे काम. मग एवढ्याशा कामातून एवढे प्रचंड सामर्थ्य येते कोठून? आणि ते सामर्थ्य ज्यांच्या थेंबांतून निर्माण झाले, त्यांच्या वाट्याला त्यातले किती येते?

आणंदचा धडा

हा प्रश्न संगणकाच्या युगात जन्मलेला नाही. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात १९४०च्या दशकात शेतकऱ्याच्या घरी दूध होते आणि मुंबईत त्याला गिऱ्हाईक होते. मधली वाट मात्र एका खाजगी दुग्धालयाच्या हाती होती. दोन-चार लिटर दूध घेऊन उभा राहिलेला शेतकरी भाव ठरवू शकत नव्हता, कारण संध्याकाळपर्यंत दूध नासणार हे घेणाऱ्यालाही ठाऊक होते. सरदार वल्लभभाई पटेल यांनी या शेतकऱ्यांना स्वतःची सहकारी संस्था उभारण्याचा सल्ला दिला आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. १९४९ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन आणंदला आले. पुढे जे ‘अमूल’ उभे राहिले, ते जगाला ठाऊक आहे.

अमूलने काय केले, तर संकलनच केले. गावोगावी सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करणे, प्रत्येकाच्या दुधाचे माप घेणे, त्यातील स्निग्धांश तपासून त्या प्रमाणात पैसे देणे आणि सर्व दूध एका मोठ्या प्रवाहात सोडणे, ही त्याची पद्धत. फरक इतकाच, की तळ्याचा राखणदार थेंबांच्या मालकांनीच नेमलेला होता.

महाराष्ट्रातही विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना याच विचारावर उभा केला. त्याचबरोबर हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, की अनेक सहकारी संस्थांत पुढे सभासद केवळ नावापुरता उरला आणि किल्ल्या मोजक्या घरांत गेल्या. म्हणजे मालकी कागदावर लिहिल्याने प्रश्न सुटत नाही. राखणदाराला जाब विचारण्याची सवयही टिकवावी लागते.

दिव्याचा भाव कसा उतरला?

आता विजेच्या क्षेत्राकडे वळू. येथे संकलनाची दोन रूपे दिसतात. एक मागणीचे, दुसरे पुरवठ्याचे.

मागणीच्या संकलनाचे उत्तम उदाहरण भारताने स्वतःच घालून दिले आहे. २०१४ च्या सुमारास एलईडी दिवा बाजारात तीनशे रुपयांच्या घरात मिळत असे. साठ वॅटच्या जुन्या दिव्याच्या जागी सात किंवा नऊ वॅटचा दिवा लावला तर वीज वाचते हे सर्वांना पटत होते. पण दहा-पंधरा रुपयांचा दिवा सोडून तीनशे रुपयांचा कोण घेणार? कारखानदार म्हणत होते, मागणी नाही म्हणून किंमत उतरत नाही. ग्राहक म्हणत होता, किंमत उतरत नाही म्हणून मागणी नाही.

ही कोंडी केंद्र सरकारच्या वीज क्षेत्रातील चार कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या ‘एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड’ने, म्हणजे ‘ईईएसएल’ने फोडली. ५ जानेवारी २०१५ रोजी देशभर सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत या संस्थेने कोट्यवधी घरांची मागणी एकत्र करून निविदा काढल्या. लाखो दिव्यांची खरेदी निश्चित आहे म्हटल्यावर कारखानदारांनी भाव उतरवले. २०१४ च्या प्रारंभी ३१० रुपये असलेला खरेदीभाव २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला. ज्या कुटुंबाला एकरकमी पैसे देणे जड होते, त्याच्याकडून वीजबिलात दरमहा दहा-दहा रुपये घेण्याची सोय अनेक ठिकाणी करण्यात आली. वाटप झालेल्या दिव्यांची संख्या ३६ कोटींच्या पुढे गेली.

यात अनुदानाचा वाटा नव्हता, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. कोणी कोणाला दान दिले नाही. एकेकट्या गिऱ्हाइकाला न मिळणारा भाव सर्वांना मिळून मिळाला, आणि संकलकाने तो स्वतःजवळ न ठेवता घरापर्यंत पोहोचू दिला.

छपरावरचे वीजकेंद्र

पुरवठ्याच्या संकलनाची गोष्ट जर्मनीत पाहावी लागते. तेथे शेतकऱ्यांच्या गोठ्यालगतचे जैववायू संच, गावाबाहेरच्या पवनचक्क्या, छपरांवरचे सौरसंच असे हजारो लहान उत्पादक निर्माण झाले. त्यांपैकी एकेकटा विजेच्या बाजारात उभा राहू शकत नाही. ढग आला की त्याचे उत्पादन घटते आणि बाजाराला शब्द पाळणारा विक्रेता लागतो. २००९ मध्ये कोलोन शहरात स्थापन झालेल्या ‘नेक्स्ट क्राफ्टवेर्के’ या कंपनीने अशा संचांवर एक छोटी नियंत्रक पेटी बसवली आणि त्या सर्वांना एका नियंत्रण कक्षाशी जोडले. एकीकडे ऊन कमी झाले तर दुसरीकडचा जैववायू संच वाढवायचा, मागणी घटली तर थांबवायचा. दहा हजारांहून अधिक लहान संच मिळून एकाच मोठ्या वीजकेंद्रासारखे वागू लागले. यालाच ‘आभासी वीजकेंद्र’ म्हणतात.

तंत्र म्हणून हे कौतुकास्पदच आहे. परंतु २०२१ मध्ये ही कंपनी ‘शेल’ या जगड्व्याळ तेल कंपनीने विकत घेतली. संच शेतकऱ्यांचेच राहिले. ते एकत्र चालवणारी यंत्रणा मात्र तेलाच्या व्यापाऱ्याच्या हाती गेली. खेड्यातला दूधसंघ असा विकता आला नसता, कारण तो सभासदांचा होता.

ही परक्या देशाची कथा म्हणून सोडून देता येणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसवण्याचे आहे. उद्या या छपरांना, घरातल्या बॅटऱ्यांना आणि दारातल्या विजेच्या गाड्यांना एकत्र जोडणारा कोणीतरी लागणारच. तो कोण असावा, याचा विचार आज, छपरावर पट्ट्या बसत असतानाच व्हायला हवा.

दुकान ज्याचे, मांडणी त्याची

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हेच सामर्थ्य सर्वांत तीव्र रूपात दिसते. पूर्वी व्यापाऱ्याची सत्ता मालावर किंवा मालाच्या वाहतुकीवर असे. इंटरनेटवर मात्र माल पोहोचवण्याचा खर्च जवळजवळ शून्य झाला. त्यामुळे माल कोणाकडे आहे याला महत्त्व उरले नाही. गिऱ्हाईक कोणाकडे आहे याला आले. अमेरिकेतील विश्लेषक बेन थॉम्पसन यांनी २०१५ मध्ये हा सिद्धांत नेमकेपणाने मांडला. एकदा गिऱ्हाइकाची सवय जडली, की विकणारे आपण होऊन तेथे येतात. विकणारे वाढले, की गिऱ्हाईक आणखी वाढते.

गल्लीतल्या किराणा दुकानात फळ्या मोजक्याच असतात. मोबाइलवरच्या ॲपच्या दुकानात फळ्यांना अंत नाही. अशा दुकानात काय ठेवले आहे यापेक्षा डोळ्यांसमोर काय ठेवले आहे हे निर्णायक ठरते, आणि ते दुकानदार ठरवतो. ॲपलने २००८ मध्ये आपले ॲप-दुकान उघडले तेव्हा प्रत्येक विक्रीतले तीस टक्के स्वतःकडे ठेवण्याची प्रथा पाडली.

भारतातील बहुसंख्य मोबाइल गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना गूगलची ॲप्स एकगठ्ठा, आधीच बसवून द्यावी लागत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने यासाठी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला. त्याआधी, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर गूगलला भारतापुरते नियम बदलावे लागले. ॲप्स सुटी घेण्याची मुभा निर्मात्यांना आणि शोधयंत्र निवडण्याची मुभा ग्राहकाला मिळाली. राखणदार कितीही बलाढ्य असला तरी सार्वभौम देशाचा कायदा त्याला मर्यादा घालू शकतो, हे यातून दिसले.

डोळ्यांवर पट्टी बांधलेला राखणदार

सर्वांत नाजूक थेंब आहेत माहितीचे. इचलकरंजीतील एखाद्या लहान यंत्रमागधारकाला कर्ज हवे आहे अशी कल्पना करा. त्याच्याकडे तारण ठेवण्यासारखे फारसे काही नाही, पण वर्षानुवर्षांचे चोख व्यवहार आहेत. ते बँकेच्या खात्यात, विम्यात, वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांत विखुरलेले आहेत. पूर्वी त्याला छायाप्रतींचा गठ्ठा घेऊन हिंडावे लागे. नंतर मोबाइलवरून झटपट कर्ज देणारे आले. त्यांपैकी अनेकांनी कर्जदाराच्या मोबाइलमधील सर्व संपर्क उचलले आणि हप्ता थकताच नातेवाइकांना फोन करून त्याची बेअब्रू केली. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला अशा ॲप्सनी संपर्कयादीला हात लावू नये, असा नियम करावा लागला.

याच समस्येवर भारताने शोधलेला एक उपाय म्हणजे ‘अकाउंट ॲग्रिगेटर’. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०१६ रोजी त्याची नियमावली काढली आणि बरोबर पाच वर्षांनी, २ सप्टेंबर २०२१ रोजी, आठ बँकांच्या सहभागाने ही व्यवस्था सुरू झाली. यातील संकलक ग्राहकाची संमती घेऊन त्याची माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे पोहोचवतो. मात्र ती माहिती कुलूपबंद रूपात जाते. संकलकाला ती वाचता येत नाही, साठवता येत नाही आणि दुसरा कोणताही धंदा करता येत नाही. कोणती माहिती, कशासाठी, किती काळ, हे संमतीपत्रात लिहिलेले असते आणि ती संमती मागेही घेता येते.

‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण खोटी पाडण्याचा हा प्रयत्न आहे. पाटकऱ्याने पाणी शेतापर्यंत सोडावे, पण ओंजळ भरू नये, असा हा नियम.

तरीही निश्चिंत होऊन चालणार नाही. संकलकाने पाणी चाखले नाही, तरी कर्ज देणाऱ्याने घागर भरून नेल्यावर त्या घागरीचे काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय संमती दिल्याखेरीज कर्जच नाही अशी अट असेल, तर गरजवंताच्या संमतीला कितीसा अर्थ? गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. वस्तुतः त्याला पर्याय नसतो.

रस्ता मोकळा ठेवणेही पुरेसे नसते. २०१६ मध्ये सुरू झालेली ‘यूपीआय’ सर्वांना खुली आहे, तरी तिचे बहुतांश व्यवहार दोन ॲप्सच्या हाती गेले. कोणत्याही एका ॲपकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असे राष्ट्रीय भुगतान निगमाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवले. पण डिसेंबर २०२४ मध्ये त्याची मुदत २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवावी लागली. सवयीचा प्रवाह एकदा वळला, की त्याला मागे फिरवणे निगमालाही जड जाते.

घरात विचारायचे तीन प्रश्न

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? मोबाइल फेकून देणे हा उपाय नव्हे. खेड्याच्या शेतकऱ्यांनीही दूध विकणे बंद केले नाही. त्यांनी तळे आपले केले. प्रत्येक नव्या संकलकाशी व्यवहार जोडताना तीन प्रश्न विचारावेत. हा जे गोळा करतो, त्याची मालकी कोणाची आणि ती उद्या कोणाला विकली जाऊ शकते? हा केवळ वाटेकरी आहे, की त्याच बाजारात स्वतःचा मालही विकतो? आणि उद्या सोडून जायचे ठरवले, तर आपला हिशेब, आपली गिऱ्हाइके, आपली माहिती बरोबर नेता येईल का?

पहिला प्रश्न सोसायटीच्या गच्चीवर सौरसंच बसवताना सर्वसाधारण सभेत विचारता येतो. दुसरा शेजारचा दुकानदार विक्रीसाठी एखाद्या ॲपवर नाव नोंदवतो तेव्हा. तिसरा, मुलगा नव्या ॲपवर सगळ्या संमतीच्या चौकटींवर न वाचता बोट ठेवतो तेव्हा.

खेडा जिल्ह्याच्या त्या संघाचा आरंभ दोन गावांच्या संस्था आणि दररोजचे २४७ लिटर दूध एवढ्यावर झाला. त्या शेतकऱ्यांपाशी ना भांडवल होते, ना यंत्रे. आपले दूध कोणत्या तळ्यात ओतायचे हे ठरवण्याचा अधिकार तेवढा होता आणि तो त्यांनी वापरला. तो अधिकार आजही प्रत्येक घरापाशी आहे.