पाणी न मागणारं इंजिन

कविता लिहिणाऱ्या माणसाने विमानाच्या इंजिनाबद्दल काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण या इंजिनाचं नाव आहे ज्युपिटर. आमच्याकडची जुनी माणसं ज्याला मुश्तरी म्हणायची आणि शेजारचे गुरू म्हणायचे, तोच हा ग्रह. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या कॉसमॉस कंपनीत रॉय फेडन या अभियंत्याने १९१८ मध्ये ते घडवलं. त्याच्या धाकट्या भावाचं नाव ल्युसिफर. कुणाला पहाटेचा तारा, कुणाला सैतान! १९२० मध्ये कंपनी बुडाली आणि ब्रिस्टल विमान कंपनीने फेडनसकट सगळा पसारा विकत घेतला.

त्या काळात बरीच इंजिनं पाण्याने थंड ठेवावी लागत. पाणी आलं की रेडिएटर आला, नळ्या आल्या आणि गळतीही आली. दुसरी जात फिरत्या इंजिनांची. त्यांत अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे आणि एरंडेलाचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर उडवी. ज्युपिटर मात्र जागचं हलत नाही. मधल्या दांड्याभोवती नऊ सिलिंडर, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे. प्रत्येकाच्या अंगावर पातळ कंगोरे. समोरून येणारा वारा त्यांच्यामधून जाताना उष्णता घेऊन जातो. पाण्याचा थेंब लागत नाही, आणि ताकद सुमारे ४०० अश्वशक्तीची.

मला मोह पडतो तो त्याच्या तालाचा. सिलिंडरांतले स्फोट ओळीने होत नाहीत. एक, तीन, पाच, सात, नऊ. मग दोन, चार, सहा, आठ. दांड्याच्या दोन फेऱ्यांत प्रत्येकाची पाळी एकदा. म्हणून संख्या विषमच हवी. आठ सिलिंडर असते तर सातनंतर पुन्हा एकवर आलो असतो आणि समवाले उपाशी राहिले असते.

या इंजिनाचं आपल्याशी नातं जडलं ते वाळवंटातून. १९२१ पासून ब्रिटिश हवाई दल कैरोहून बगदादला टपाल नेत असे. वाट चुकू नये म्हणून वाळवंटात मैलोन्‌मैल नांगराचा तास ओढला होता. वैमानिक वरून तो बघत बघत जायचे. त्या विमानांची इंजिनं मात्र पाण्यावरची, आणि प्रदेश असा की माणसालाच प्यायला पाणी नाही. १९२७ मध्ये इम्पीरियल एअरवेजने ही वाट हाती घेतली ती हर्क्युलिस विमानांनिशी, प्रत्येकावर तीन ज्युपिटर. ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची सेवा सुरू झाली. बोटीला पंधरवडा तरी लागे; हे टपाल आठवडाभरात पोहोचू लागलं. कराचीपासून पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी ते मुंबईत जुहूला आणलं. त्यांच्या छोट्या पस मॉथचं इंजिन वेगळं होतं, जिप्सी. पण पाणी त्यालाही लागत नसे.

परदेशी गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आईला हे आठ दिवस काय वाटले असतील, ते सांगायला नको.

पण याच ज्युपिटरवर वापिटी नावाचं लष्करी विमानही उडे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिटींवर. मुखर्जी, सरकार, अवान अशी नावं पहिल्यांदा वैमानिक म्हणून लागली. त्यातले सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. अभिमानाचीच गोष्ट. मात्र या तुकडीची पहिली लष्करी कामगिरी १९३७ मधली, वझिरिस्तानातली. समोर होते इपीच्या फकिराचे पठाण. सरहद्दीवरच्या गावांवर बॉम्ब टाकण्याआधी इशाऱ्याचे कागद टाकायची ब्रिटिशांची रीत होती. म्हणजे तिथेही आकाशातून टपालच यायचं, फक्त कुणी वाट पाहत नसे. एका बाजूचं गुणगान करायचं आणि ही बाजू झाकून ठेवायची, हे मला जमणार नाही.

पुढे इम्पीरियलने हॅनिबल हे मोठं विमान आणलं. त्यावर चार ज्युपिटर होते. १ मार्च १९४० रोजी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे जाताना, ओमानच्या आखातावर, ते आठ माणसांसह नाहीसं झालं. त्यांत मद्रासचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते, भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून ते लंडनला निघाले होते. पाणी न मागणाऱ्या इंजिनांचं ते विमान पाण्यातच गेलं असावं. त्याचा मागमूस कधीच लागला नाही.