यादीतील नाव आणि पायाखालची जमीन



मुंबईपासून कोकणाकडे जाणाऱ्या प्रवाशास डोंगराच्या पायथ्याशी कुडाच्या झोपड्यांचा एखादा पुंजका दिसतो. पुष्कळदा ती कातकरीवाडी असते. रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांत कातकऱ्यांची मोठी वस्ती आहे. या समाजाला सरकारची मान्यता मिळून बराच काळ लोटला. त्या मान्यतेचे फळ त्याच्या हाती किती पडले, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

कातकरी किंवा काथोडी हे नाव धंद्यावरून पडले. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून त्याचा कात करावयाचा, ही त्यांची पिढीजात विद्या. 1878 च्या कायद्यान्वये सरकारने जंगले राखीव करण्यास आरंभ केला, तेव्हा खैरावर कुऱ्हाड चालविणे हा गुन्हा होऊ लागला. धंदा गेला आणि नाव तेवढे मागे राहिले. ज्यांच्या शेतीला बैल नव्हता आणि पायाखाली शेतही नव्हते, ते कोळसा पाडण्यास, सावकाराच्या शेतावर राबण्यास आणि पुढे वीटभट्टीवर जाऊ लागले. मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीविषयी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने 1939 साली जो अहवाल दिला, त्यात जमीनदार व सावकार यांच्या पाशात सापडलेल्या आदिवासींच्या वेठीचे चित्र आहे. वेठबिगारी कायद्याने नष्ट झाली ती 1976 साली.

स्वातंत्र्यानंतर सरकारचे लक्ष या प्रश्नाकडे वळले. ढेबर आयोगाने 1961 च्या अहवालात दाखवून दिले की, अनुसूचित जमातींमध्येही सर्वांची स्थिती सारखी नाही. काही जमाती इतरांच्याही पुष्कळ मागे आहेत. त्यांना वेगळे साह्य हवे, या विचारातून 1975 साली 52 जमातींची यादी झाली आणि 1993 साली तीत आणखी 23 जमातींची भर पडली. त्यांना प्रथम ‘आदिम’ म्हणत. 2006 साली तो शब्द टाकून ‘विशेष असुरक्षित’ असे नाव देण्यात आले, आणि ते योग्यच झाले. महाराष्ट्रातील तीन जमाती या यादीत आहेत: कातकरी, कोलाम व माडिया गोंड. 2011 च्या खानेसुमारीत राज्यातील कातकऱ्यांची संख्या सुमारे 2 लाख 85 हजार भरली.

मान्यता मिळते ती जमातीला. परंतु साह्य घ्यावयाचे असते ते कुटुंबाने, आणि कुटुंबापाशी कागद लागतो. जातीच्या दाखल्यासाठी पूर्वज 6 सप्टेंबर 1950 पूर्वीपासून राज्याचे रहिवासी होते, असा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्या आजोबाने शाळेचे तोंड पाहिले नाही व ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याने तो कोठून आणावा? दारिद्र्य हेच ज्याच्या मान्यतेचे कारण, त्या दारिद्र्यामुळेच त्याच्या हाती पुरावा नसतो!

दुसरा प्रश्न जागेचा. कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसल्या आहेत. मालकाला राबणारे हात हवे होते, तोपर्यंत कोणी हरकत घेतली नाही. पुढे कर्जत, खालापूर, पनवेल या भागांत जमिनीचे भाव चढले, फार्महाऊसे उठली, कुंपणे पडली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे अतिक्रमण करणारी ठरू लागली. 15 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने ‘पीएम-जनमन’ या नावाची 24 हजार कोटींहून अधिक रुपयांची योजना जाहीर केली. पक्की घरे, रस्ते, पाणी, वीज व फिरते दवाखाने असा तिचा व्याप आहे. हेतू निःसंशय स्तुत्य आहे. परंतु घर बांधावयाचे ते हवेत नव्हे. त्याला हक्काची जमीन हवी.

‘हे लोक फिरतेच; एका जागी राहणे त्यांना आवडत नाही,’ असा आक्षेप पुष्कळदा ऐकू येतो. तो वरवरचा आहे. कातकरी दिवाळीनंतर भट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो, तो हौसेखातर नव्हे. पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत त्याने उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी बायकामुलांसह भट्टीच काय ती उरते. मुलांची शाळा सुटते आणि उचल फिटता फिटता नवी उचल चढते. एवढे सारे होऊनही पावसाळ्यात तो आपल्याच वाडीवर परत येतो. घराची ओढ याहून निराळी ती कोणती?

उपायही अज्ञात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 122 अन्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेस आहे. वाडीची मोजणी करून ती गावठाणात आणणे, दाखला देण्यास अधिकाऱ्याने स्वतः वाडीवर जाणे, आणि हे सारे कुटुंबे घरी असतात त्या पावसाळ्यात उरकणे, या गोष्टी अशक्य नाहीत. माघात वाडीवर गेलेल्या अधिकाऱ्यास बंद दारेच दिसावयाची.

आपणा शहरवासीयांचा या प्रश्नाशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या भिंतींच्या आत बसून आपण हे भाषण ऐकत आहा, त्यांच्या विटा कदाचित याच हातांनी थापल्या असतील. इतरांची घरे उभी करणाऱ्यास स्वतःच्या झोपडीपुरती जमीन मिळावी, ही मागणी दयेची नाही, न्यायाची आहे. यादीत नाव घालून सरकारने पहिले पाऊल टाकले. ते नाव सातबाऱ्यावर चढेल, तेव्हाच ती मान्यता खऱ्या अर्थाने पुरी होईल.