मनोरुग्णांची निवासगृहे आणि आपले कर्तव्य



ज्या घरात एखाद्याचे मन आजारी पडते, त्या घरावर दुहेरी भार येतो : एक आजाराचा, दुसरा लोकलज्जेचा. थकलेली माणसे अखेरीस आपला मुलगा वा आपली बहीण एखाद्या निवासगृहात नेऊन ठेवतात आणि दार बंद झाले की आपली चिंता मिटली असे समजतात. ही समजूत किती घातक आहे, हेच आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचे गाव आहे. तेथील दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांची अनेक खाजगी निवासगृहे चालत असत. दि. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एकास आग लागली. रुग्ण साखळदंडांनी जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण प्राणास मुकले. अशा गृहांना परवान्याची सक्ती करणारा १९८७ चा कायदा त्यावेळी अंमलात होता. परंतु वेळीच जाब विचारला गेला नाही, म्हणून तो कागदावरच राहिला.

आज आपल्या हाती त्याहून समर्थ कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून लागू झाला. नोंदणीवाचून असे गृह चालविण्यास त्याने बंदी केली आहे. रुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध आहे. एकांतात कोंडणेही निषिद्ध आहे. तात्काळ इजा टाळण्याचा अन्य उपाय नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने, त्यास अगदी आवश्यक तेवढा वेळ आवरून धरता येते आणि त्याचे कारण व अवधी लिहून ठेवावा लागतो. नोकर अपुरे आहेत, ही सबब चालत नाही. स्वच्छ जागा, सकस अन्न, अंगावर स्वतःचे कपडे, हे रुग्णाचे हक्क आहेत. सक्तीने त्याचे डोके भादरता येत नाही. सक्तीने त्यास राबविता येत नाही. त्याने काम केल्यास मोबदला द्यावा लागतो.

म्हणून आपले माणूस ठेवण्यापूर्वी विचारा : नोंदणीचे प्रमाणपत्र कोठे आहे? डॉक्टर कोण, आणि केव्हा येतात? रात्री किती माणसे जागी असतात? आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट कोणती? कुलपाची किल्ली कोणाजवळ असते? ठेवल्यानंतरही वरचेवर जा, त्याच्याशी एकट्याने बोला. अन्याय दिसला तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे लेखी तक्रार करा. या कायद्याखालील हक्कांसाठी रुग्णास विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळण्याची तरतूद आहे, हेही ध्यानात ठेवा.

कोणी म्हणतील, गरिबाने अटी कशा घालाव्यात? माझे उत्तर असे की, दया मागणाऱ्यास अटी घालता येत नाहीत; हक्क मागणाऱ्यास येतात. मन आजारी झाले म्हणून कोणाचे मनुष्यत्व संपत नाही. त्याचा आवाज क्षीण झाला असेल, तर त्याच्या वतीने आपण बोलले पाहिजे.